बुजलेलें बंदर



भूगोलाच्या पुस्तकांत 'नदीचें कार्य' या नांवाचा एक धडा असतो. मीं तो शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. धडा आला कीं, मुलांकडून गांवच्या ओढ्याचें पाणी कांचेच्या बाटलींत भरून आणवावयाचें, ती बाटली रात्रभर वर्गाच्या खिडकींत ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशीं तळाशीं बसलेला मातीचा थर मुलांना दाखवावयाचा, असा माझा परिपाठ होता. हा थर बहुधा नखाएवढ्या जाडीचा असे. एका पावसाळ्यांत मात्र बाटलींत दोन बोटें माती बसली, आणि वरचें पाणी दुसऱ्या दिवशींच काय, पण आठवड्यानेंही निवळलें नाहीं. कारण शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. ओढ्याच्या उगमाकडील टेकडी घरांच्या नव्या वसाहतीसाठीं त्या उन्हाळ्यांत कापली होती, आणि तिची तांबडी माती पावसाच्या तोंडीं उघडी पडली होती. पुढील दोन पावसाळ्यांत, ज्या डोहांत गांवचीं मुलें पिढ्यानुपिढ्या पोहावयास शिकलीं, तो गुडघाभर पाण्याचें डबकें होऊन राहिला.

बांधणाऱ्यांनीं ओढ्यांत एक पाटीही माती टाकलेली नव्हती, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेविली पाहिजे. त्यांनीं फक्त जमीन उघडी केली. बाकीचें काम पावसानें केलें. मग या मातीचा जाब कोणाला विचारावयाचा, असा प्रश्न मला पडला. या प्रश्नाचा छडा लावण्याचा खटाटोप एका समाजानें दोनअडीचशें वर्षें केला आहे. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती अमेरिकेंतील मेरीलंड नांवाच्या राज्याची आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नांवाचा मोठा उपसागर आहे. त्याच्या वरच्या अंगाला गनपावडर नांवाची एक नदी मिळते. या नदीच्या कांठीं अठराव्या शतकाच्या आरंभीं जोपा नांवाचें एक बंदर वसलें. बॉल्टिमोर कौंटीची, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाची, कचेरी व न्यायमंदिर तेथेंच होतें. आसपासच्या मळ्यांतील तंबाखू मोठमोठ्या लांकडी पिंपांत दाबून भरावयाची, तीं पिंपें बंदरावर आणावयाचीं आणि जहाजांत घालून इंग्लंडला पाठवावयाचीं, हा तेथला मुख्य व्यापार. समुद्रावरून येणारीं जहाजें थेट धक्क्याला लागत आणि कांठावर रोंवलेल्या दगडी खुंटांना त्यांचे दोर बांधीत.

१७६८ सालीं कौंटीची कचेरी जोपाहून हलवून बॉल्टिमोर शहरीं नेण्यांत आली. बॉल्टिमोरची भरभराट होत होती हें तर त्याचें कारण होतेंच. पण जोपाचें बंदरही गाळानें उथळ होत चाललें होतें, हें दुसरें कारण तितकेंच खरें. जहाजें येईनाशीं झालीं, व्यापारी उठून गेले, घरें पडलीं. रम्सी घराण्याचा एक जुना वाडा तेवढा मागें राहिला. १९४५ सालीं लुई गॉटशॉक या मृद्‌संधारण खात्यांतील अभ्यासकानें या उपसागरांतील बंदरांसंबंधीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें नोंदविलें आहे कीं, ज्या दगडी खुंटांना एके काळीं समुद्रगामी जहाजें बांधलीं जात, ते खुंट आतां जहाजें चालण्याजोग्या पाण्यापासून दोन मैलांहून अधिक दूर पडले आहेत. नदी कोठें दूर गेली नव्हती. वरून आलेल्या मातीनें तिची खाडीच भरून निघाली होती.

हें नशीब एकट्या जोपाच्या वाट्यास आलें असें नाहीं. वॉशिंग्टनच्या ईशान्येस अ‍ॅनाकॉस्टिया नदीवर ब्लेडन्सबर्ग नांवाचें गांव १७४२ सालीं वसलें. १८१४ सालीं येथेंच झालेल्या लढाईंत अमेरिकनांचा पराभव होऊन ब्रिटिश फौज वॉशिंग्टन शहरांत शिरली, म्हणून इतिहासांत त्याचें नांव राहिलें आहे. परंतु अठराव्या शतकांत तें एक नामांकित बंदर होतें, हें आज तेथें उभें राहून पाहणाऱ्यास सांगूनही खरें वाटावयाचें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाळामुळें मोठ्या जहाजांना तें बंद झालें. पटॅप्स्को नदीवरील एल्क रिज लॅंडिंगची गतही तीच झाली.

एवढी माती आली कोठून? मूळच्या अरण्यांत पाऊस प्रथम पानांवर पडे, मग पाचोळ्यावर, आणि सावकाश जमिनींत मुरे. तंबाखूच्या लागवडीसाठीं हें अरण्य तोडलें गेलें. तंबाखूचें पीक जमिनीचा कस फार लवकर शोषून घेतें. तीन-चार पिकें काढलीं कीं मळेवाला तें शेत टाकून देई आणि शेजारचें रान तोडावयास लागे. टाकलेली जमीन उताराची आणि उघडी. पुढें गव्हासाठीं नांगर आला, तेव्हां आणखी जमीन मोकळी झाली. प्रत्येक मळेवाल्याचें थोडें थोडें शेत वाहून जात होतें, आणि त्या सर्वांचें मिळून बंदर बुजत होतें.

हें लोकांना दिसत नव्हतें असें मात्र नाहीं. १७५३ सालींच मेरीलंडच्या विधिमंडळानें बॉल्टिमोरकडे येणाऱ्या जलमार्गाच्या रक्षणासाठीं एक कायदा केला आणि पटॅप्स्को नदींत माती, वाळू वगैरे टाकण्यास मनाई केली. कायदा चांगला होता. पण त्याची दृष्टि माती टाकणाऱ्या हातापर्यंतच पोंचत होती. जहाजावरून वा कांठावरून कोणी माती लोटली तर तो पकडला जाई. दहा कोसांवरच्या उतारावरून जी माती पावसाबरोबर आपण होऊन चालत येई, तिला हात नव्हते, म्हणून तिला अपराधीही नव्हता. आमच्या ओढ्याची गोष्ट याहून निराळी ती काय?

यानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षें हा प्रश्न जवळजवळ निजलेला राहिला. बंदरांतील गाळ यंत्रांनीं उपसावा, पुन्हां भरला म्हणजे पुन्हां उपसावा, एवढाच उपाय माहीत होता. मातीकडे मूळ ठिकाणींच पाहिलें पाहिजे, ही जाणीव राष्ट्राला झाली ती १९३० नंतरच्या दशकांत. त्या वेळीं अमेरिकेच्या मध्यभागींच्या मैदानांतून धुळीचीं प्रचंड वादळें उठलीं आणि तिकडची माती थेट वॉशिंग्टनच्या आकाशांत येऊन पोंचली. ह्यू बेनेट हा मृद्‌शास्त्रज्ञ कित्येक वर्षें याच धोक्याची हांक देत होता. १९३५ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकन काँग्रेसनें मृद्‌संधारणाचा कायदा केला आणि नव्या खात्याची धुरा बेनेटकडेच आली. शेतकऱ्यांना उताराला आडवें नांगरावयास, बांध घालावयास, पडीक जमिनीवर गवत लावावयास शिकविणारीं स्थानिक मंडळें जागोजाग निघालीं. मेरीलंडमध्येंही पुष्कळ जुनीं शेतें पुन्हां रानाखालीं गेलीं होतीं. आतां नद्या हळूहळू स्वच्छ होतील, असें वाटण्याचा तो काळ होता.

आणि नेमक्या त्याच वेळीं मातीला दुसरी वाट सांपडली. दुसरें महायुद्ध संपलें, सैनिक घरीं परतले, आणि बॉल्टिमोर व वॉशिंग्टन या दोन शहरांभोंवतीं उपनगरांचा पूर लोटला. पूर्वीं घर बांधणारा मनुष्य जमिनीच्या चढउताराप्रमाणें घर बसवीत असे. आतां बुलडोझर आला. शंभर घरांची वसाहत करावयाची म्हणजे प्रथम सगळीं झाडें काढावयाचीं, वरची सुपीक माती खरवडून ढीग घालावयाचे, टेकाड कापून खळगा भरावयाचा आणि सगळी जमीन सपाट, उघडी करून ठेवावयाची, हा प्रघात पडला. घरें पुरीं होईपर्यंत एक-दोन वर्षें ती तशीच पडून राही. विशेष हें कीं, जोपाच्या बुजलेल्या बंदराच्या परिसरांतही १९६० नंतरच्या दशकांत जोपाटाऊन नांवाची नवी वसाहत उभी राहिली.

या उघड्या जमिनीवरून किती माती जाते, हें मोजणारे प्रमुख गृहस्थ म्हणजे गॉर्डन वॉलमन. हे बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्राध्यापक होते. पिण्याच्या पाण्यांत क्लोरिन किती घालावा याची शास्त्रीय पद्धत ज्यांनीं बसविली, त्या एबल वॉलमन यांचे हे चिरंजीव. वडिलांनीं नळाचें पाणी निर्धोक केलें, मुलानें नदीचा अभ्यास केला. वॉलमन व त्यांचे इस्रायली सहकारी आशेर शिक यांनीं या दोन शहरांच्या आसपासच्या ओढ्यांतील गाळाचीं मापें एकत्र करून १९६७ सालीं प्रसिद्ध केलीं. शेतीच्या मुलखांतून दर चौरस मैलामागें वर्षाला सुमारें २०० ते ५०० टन गाळ ओढ्यांत उतरत होता. जेथें बांधकाम चालू होतें तेथून हाच आंकडा कित्येक हजार टनांपासून थेट १,४०,००० टनांपर्यंत जात होता.

असले मोठे आंकडे कानांवरून निघून जातात, म्हणून आपण त्यांचा हिशेब एकरावर करूं. एका चौरस मैलांत ६४० एकर. तेव्हां शेतीच्या एका एकरांतून वर्षाला एक टनाच्या आंतच माती गेली. आणि बांधकामाच्या सर्वांत वाईट एकरांतून सुमारें २१९ टन गेली. म्हणजे त्या एकरावरचा सुमारें दीड इंच जाडीचा थर एका वर्षांत धुऊन निघाला. निसर्गाला एवढी माती तयार करण्यास शेंकडों वर्षें लागतात.

वॉलमन यांनीं त्याच वर्षीं दुसऱ्या एका निबंधांत या भूमीची कुंडलीच मांडली. पहिली अवस्था रानाची आणि शेताची. दुसरी बांधकामाची, ती थोड्या काळाची पण अत्यंत नाशकारक. ओढ्याचें पात्र या काळांत गाळानें भरून येतें. तिसरी अवस्था पूर्ण वसलेल्या शहराची. जमीन आतां छपरांनीं व रस्त्यांनीं झांकली गेली, त्यामुळें माती फारशी येत नाहीं. परंतु पाणी मुरावयास जागा नाहीं, म्हणून तें एकदम व पुष्कळ येतें आणि ओढ्याचे कांठ कापूं लागतें. पूर्वीं ओढ्यानें घेतलेला गाळ आतां ओढा स्वतःच्या कांठांसह खालीं पाठवूं लागतो. आरंभीं अति माती आणि नंतर अति पाणी, असा हा दुहेरी मार आहे.

उघड्या जमिनीची इतकी दैना कां व्हावी, याचें कारण पावसाच्या थेंबांत आहे. मुसळधार सरीचा टपोरा थेंब ताशीं सुमारें ३० किलोमीटर वेगानें जमिनीवर आदळतो. जमीन उघडी असली कीं तो मातीचें ढेकूळ फोडतो आणि कण उडवितो. फुटलेले बारीक कण जमिनीचीं छिद्रें बुजवितात, मग पाणी मुरत नाहीं व वाहूं लागतें. उतार जितका उभा व लांब, तितका त्याला जोर अधिक. १९६५ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील विशमायर व स्मिथ या दोघांनीं पाऊस, मातीची जात, उताराची लांबी व चढ, जमिनीवरील आच्छादन आणि मशागतीची रीत या सर्वांचा मेळ घालून धूप किती होईल हें काढण्याचें एक सूत्र प्रसिद्ध केलें. त्यांत एक गोष्ट ठळक दिसते. पाऊस आपल्या हातीं नाहीं, मातीची जात आपल्या हातीं नाहीं. आच्छादन मात्र आपल्या हातीं आहे. दाट गवतानें झांकलेल्या जमिनीची धूप उघड्या जमिनीच्या शंभरांश, किंबहुना त्याहूनही कमी होते. हरळीची मुळी हें काम करते आणि त्याबद्दल कोणाकडे वेतन मागत नाहीं.

ओढ्यांत गेलेली माती तेथें काय करते, हेंही पाहिलें पाहिजे. मासे खड्यांच्या फटींत अंडीं घालतात. गाळ त्या फटी भरून टाकतो आणि अंड्यांना प्राणवायु मिळत नाहीं. गढूळ पाण्यांतून सूर्यप्रकाश तळाशीं पोंचत नाहीं, म्हणून पाण्याखालचें गवत मरतें; आणि चेसापीकमध्यें तर याच गवताच्या आश्रयानें खेंकडे व माशांचीं पिलें वाढतात. कालवांवर गाळ बसला कीं तीं गुदमरतात. मातीला चिकटून खतांतील स्फुरदही पाण्यांत जातो व शेवाळ माजवितो. धरणांचें तळें उथळ होतें, पूल व मोऱ्या तुंबतात, आणि जो पाऊस पूर्वीं पात्रांत मावत असे तोच पुढें घरांत शिरतो.

अशा वेळीं मेरीलंडनें काय केलें? १९६५ सालीं वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉन्टगोमेरी कौंटीनें बांधकामाच्या जागेवरील गाळ अडविण्याचा उपक्रम सुरूं केला. पुढें १९७० सालीं सर्व राज्याला लागू होणारा गाळनियंत्रणाचा कायदा मेरीलंडनें केला. अमेरिकेंतील राज्यांमध्यें या बाबतींत मेरीलंड अग्रेसर होतें. १७५३ चा कायदा आणि १९७० चा कायदा यांच्यामधलें अंतर दोनशें सतरा वर्षांचें आहे. पण खरें अंतर विचाराचें आहे. पहिल्यानें नदीच्या कांठावर पहारा ठेविला. दुसऱ्यानें टेकडीवर ठेविला. ज्याला जमीन खणावयाची आहे त्यानें खणण्यापूर्वीं आपली माती आपल्याच हद्दींत कशी राहील याचा आराखडा दिला पाहिजे. तो मृद्‌संधारण मंडळानें मंजूर केला पाहिजे. आणि त्यावांचून परवाना मिळावयाचा नाहीं, असें या कायद्यानें ठरविलें. शेतकऱ्यांना बांध घालावयास शिकविण्यासाठीं जीं मंडळें निघालीं होतीं, त्यांचेंच ज्ञान आतां घरें बांधणाऱ्यांच्या कामीं आलें, हा या इतिहासांतील सुंदर योगायोग होय.

या आराखड्यांत असतें तरी काय? त्यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. आपला कोणताही जाणता शेतकरी तें ऐकून मान डोलवील. सगळी जमीन एकदम उघडी करावयाची नाहीं. जेवढें काम हातीं घ्यावयाचें तेवढीच खणावयाची. ओढ्याच्या दोन्ही कांठांची झाडी राखून ठेवावयाची. वरच्या अंगानें येणारें स्वच्छ पाणी चर खणून बाहेरूनच वळवावयाचें, म्हणजे तें उघड्या मातीवरून वाहणार नाहीं. उताराच्या पायथ्याशीं जाड विणीच्या कापडाचा आडोसा, त्याची खालची कड जमिनींत पुरून, उभा करावयाचा. चरांत थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे छोटे बांध घालावयाचे. सर्वांत खालच्या कोपऱ्यांत गाळाचा खड्डा खणावयाचा, त्यांत पाणी थांबवावयाचें आणि वरचें निवळलेलें तेवढेंच बाहेर सोडावयाचें. गाड्यांच्या चाकांना लागलेली माती रस्त्यावर येऊं नये म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर मोठी खडी पसरावयाची. आणि काम झालेल्या भागावर ताबडतोब गवताचें बीं पेरून वर पेंढा अंथरावयाचा. मेरीलंडच्या अलीकडच्या नियमांप्रमाणें उभ्या उतारांना यासाठीं तीन दिवसांची व इतर जागेला सात दिवसांची मुदत असते.

या यादींतील शेवटची गोष्ट महत्त्वाच्या दृष्टीनें पहिली आहे, आणि त्याचें कारण माझ्या बाटलींत होतें. पाण्यांत बारीक वाळूचा कण एक मीटर खालीं बसावयास दोन-तीन मिनिटें पुरतात. बारीक पोयट्याच्या कणास कांहीं तास लागतात. चिकणमातीच्या सूक्ष्म कणास तर आठ-पंधरा दिवसही लागतात. म्हणून खड्डा कितीही चांगला खणला तरी वाळू तेथें अडते, पोयटा पुष्कळसा अडतो, पण चिकणमाती निसटून जाते. आपल्या आज्या गढूळ पाण्यांत तुरटी फिरवीत, तशीं कण एकत्र आणणारीं द्रव्यें हल्लीं कांहीं बांधकामांवर वापरतात. परंतु मातीला जागेवरून हलूंच न देणें हाच खरा उपाय. पाण्यांत मिसळलेली माती वेगळी काढणें फार कठीण. मिसळण्यापूर्वीं तिच्यावर मूठभर गवत टाकणें फार सोपें.

मेरीलंडचें हें उदाहरण पुढें सबंध देशानें गिरविलें. अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ जल कायदा आरंभीं कारखान्यांच्या व गटारांच्या नळांमागें लागला होता. कारण नळ दिसतो. पावसाचें पाणी १९८७ च्या दुरुस्तीनें त्या कायद्याच्या कक्षेंत स्पष्टपणें आलें. १९९० च्या नियमांनीं पांच एकर व त्याहून मोठ्या बांधकामांना परवाना सक्तीचा केला, आणि १९९९ च्या नियमांनीं ही मर्यादा एक एकरावर आणली.

एवढें झाल्यावर तेथील नद्या निर्मळ झाल्या, असें सांगून हें भाषण संपवितां आलें असतें. पण तें खरें होणार नाहीं. कापडी आडोसा फाटतो, गाळाचा खड्डा वेळेवर उपसला जात नाहीं, तपासनीस थोडे आणि कामें फार असतात. शिवाय वॉलमन यांनीं सांगितलेली तिसरी अवस्था पुढें उभीच होती. शहर बांधून झाल्यावर येणाऱ्या अति पाण्यासाठीं मेरीलंडला १९८२ सालीं व पुन्हां २००७ सालीं निराळे कायदे करावे लागले. २००८ सालीं रॉबर्ट वॉल्टर व डॉरथी मेरिट्स या दोन भूशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, या प्रदेशांतील ओढ्यांवर पूर्वीं पाणचक्क्यांसाठीं घातलेल्या हजारों बंधाऱ्यांमागें जुन्या काळाचा गाळ सांठून राहिला आहे, आणि बंधारे फुटल्यापासून तो हळूहळू निसटत आहे. जोपाच्या वेळच्या मळेवाल्यांनीं मोकळी केलेली माती अजून वाटेंतच आहे! २०१० सालीं केंद्र सरकारनें सबंध चेसापीक उपसागरासाठीं नत्र, स्फुरद व गाळ यांची वार्षिक कमाल मर्यादा ठरवून दिली. मातीला घर सोडावयास एक पाऊस पुरतो. तिचा हिशेब मात्र नातवंडांना चुकवावा लागतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. विहार व पवई तलावांचें पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मुंबईची मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटर लांबीची. २००५ सालीं २६ जुलैला सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या नदीनें काय केलें हें आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेवढा पाऊस कोणत्याही पात्राला जड गेला असता, आणि त्या वेळची भरती, अतिक्रमणांनीं आवळलेलें पात्र हींही कारणें होतींच. पण गाळानें व राडारोड्यानें पात्र भरलेलें होतें, हेंही त्यांतलेंच एक. पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकांत कात्रजला तलाव बांधून तेथलें पाणी बंद नळांतून शहरांत आणलें, तेव्हां ते डोंगर शहराचें पाणी सांभाळीत होते. २०१९ सालीं २५ सप्टेंबरच्या रात्रीं त्याच ओढ्याच्या पुरानें अनेकांचे प्राण घेतले.

आपल्याकडे दर वर्षी पावसाळ्यापूर्वीं नालेसफाई होते. ती आवश्यक आहे. ती करणारे मजूर कष्टाचें काम करतात. परंतु नाल्यांतून काढलेला गाळ हा टेकडीवर अडवावयाचा राहून गेलेला गाळ असतो. बंदर बुजल्यावर तें उपसणाऱ्या मेरीलंडच्या जुन्या यंत्रांच्या पायरीवरच आपण त्या कामांत उभे आहोंत. टेकडीवरचा पहारा तेथें बसावयास दोनशें वर्षें लागलीं, त्यांत अनेक बंदरें गेलीं. दुसऱ्यानें एवढी किंमत भरून शिकलेला धडा आपल्याला फुकट वाचावयास मिळत असतां, तो आपण पुन्हां आपल्या नद्या देऊन कां शिकावा?

घरें तर बांधलीं पाहिजेतच. माणसांना छप्पर हवें आहे, आणि ओढ्यासाठीं त्यांनीं उघड्यावर राहावें असें कोणीही म्हणणार नाहीं. मेरीलंडच्या कायद्यानेंही घरें थांबविलीं नाहींत. खणणाऱ्याला त्यानें एवढेंच विचारलें : पाऊस आला म्हणजे तुझी माती कोठें जाईल? हा प्रश्न विचारावयास फार मोठें शास्त्र लागत नाहीं. तो ग्रामसभेंत विचारतां येतो, नगरपालिकेंत विचारतां येतो, आणि नव्या घराची किल्ली हातीं घेणाऱ्या गृहस्थालाही बांधणाऱ्यास विचारतां येतो. उत्तर मात्र मे महिन्यांत मिळालें पाहिजे; जुलैंत मिळालेल्या उत्तराचा उपयोग नाहीं.

शेवटीं एका चुकीची कबुली देऊन मी रजा घेतों. 'नदी गाळ वाहून आणते' हें वाक्य मीं मुलांकडून कितीएक वेळां पाठ करवून घेतलें. व्याकरणानें तें शुद्ध आहे. परंतु त्या वर्षींची बाटली पाहून एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, पण ही माती नदीनें कोठें खणली? ती तर माणसांनीं खणली." त्या वेळीं तास संपल्याची घंटा झाली आणि मीं तो प्रश्न उद्यांवर ढकलला. त्या मुलाला आज उत्तर देतों : बाळ, तुझें बरोबर होतें. वाक्याचा कर्ता आम्हीं चुकविला होता.